घरचंच आहे ना, मग किती कमी करशील?

नमस्कार! आज केक करायचा नाहीये, म्हणून ओटा एवढा स्वच्छ दिसतोय. आज फक्त ही वही दाखवायची आहे. (वही कॅमेऱ्यासमोर धरते) कोकोचे डाग पडलेत, तिकडे दुर्लक्ष करा.

मी नाशिकला, इंदिरानगरमध्ये घरून केकच्या ऑर्डर घेते. पहिली दोन वर्षं ही वही नव्हती. मग भाव कसा ठरायचा? फोनवर. मैत्रीण विचारायची, "एक किलो ट्रफल कितीला गं?" माझ्या मनात 1000 असायचे, तोंडातून 800 निघायचे. ती म्हणायची, "अगं, घरचंच तर आहे!" आणि फोन ठेवेपर्यंत 600 झालेले असायचे. वर थँक्यू मीच म्हणायचे.

कमेंटमध्ये सगळ्यात जास्त हाच प्रश्न येतो. ओळखीच्यांना किती सूट द्यायची? ते सांगते, पण आधी ती सूट जाते कुठून ते बघू.

आपल्या सराफ बाजारात कधी मंगळसूत्र करायला गेलात तर आठवा. सोन्याच्या भावावर कुणी हुज्जत घालत नाही. तो त्या दिवशीचा भाव असतो, या पेढीवर काय नि त्या पेढीवर काय. घासाघीस होते ती घडणावळीवर. केकचंही अगदी तसंच आहे. सामानवाला मला कधी म्हणाला नाही, की ताई, तुमच्या मैत्रिणीच्या बाळाचा पहिला वाढदिवस ना, मग चॉकलेटचे 50 रुपये कमी द्या. उलट 2024 मध्ये घाना आणि आयव्हरी कोस्टकडे कोकोचं पीक बिघडलं, जगाच्या बाजारात कोको टनाला 10,000 डॉलरच्या वर गेला, आणि त्याची झळ माझ्या कंपाउंडच्या, म्हणजे केकला वापरते त्या चॉकलेटच्या, लादीपर्यंत आली. तिथे ओळख चालत नाही. म्हणजे मैत्रिणीला सोडलेला एकेक रुपया आपल्या घडणावळीतूनच जातो.

आता हे पान बघा. एक किलो चॉकलेट ट्रफल. आकडे माझे आहेत, तुम्ही तुमच्या बिलांवरून तुमचे काढा.

स्पंजचं सामान, म्हणजे मैदा, कोको, साखर, तेल, दही: 95 रुपये. डार्क कंपाउंड 350 ग्रॅम: 150. व्हिपिंग क्रीम 300 ग्रॅम: 75. बोर्ड, डबा, वर खोचायचा टॉपर, रिबीन: 75. वीज 20. झाले 415. त्यावर 40 रुपये वाया जाण्याचे धरा, आणि हे धराच. पायपिंग बॅगेत राहिलेलं क्रीम, स्पंजची कापलेली टोपी, एखाद दिवशी फाटलेलं क्रीम. आमच्याकडे टोपी मुलं खातात, पण मुलं काही पैसे देत नाहीत. एकूण सामान 455.

आता वेळ. लोकांना वाटतं केक म्हणजे ओव्हनमधली 40 मिनिटं. ती तर सगळ्यात सोपी 40 मिनिटं! त्याआधी व्हॉट्सअ‍ॅपवर अर्धा तास जातो. "निळा म्हणजे आकाशी नाही गं, जरा मोरपंखी." वजन करणं, चाळणं, घोटणं. स्पंज गार झाला की कापणं, थर लावणं, क्रीमचा पहिला पातळ हात देऊन फ्रिजमध्ये ठेवणं, मग फिनिशिंग. नावातला 'ज्ञ' चॉकलेटने लिहून बघा एकदा. आणि शेवटी तुपकट भांडी. सगळं मिळून माझे साडेतीन तास होतात. तासाचे मी 120 धरते, म्हणजे 420.

सामान 455 आणि घडणावळ 420, झाले 875. वर साधारण 15 टक्के नफा. बीटर जळतो, ओटीजी ओव्हनची कॉइल जाते, ते याच पैशातून येतं. म्हणून 1000.

आता कुणी म्हणालं, "700 कर ना", तर 245 उरतात. 500 म्हणालं, तर 45. साडेतीन तासांचे 45 रुपये. जी मैत्रीण हे म्हणते, तिच्याबरोबर आपण रविवारी गंगापूर रोडला मिसळ खायला जातो, तिथे ती काउंटरवर कधी म्हणत नाही, की आम्ही दर रविवारी येतो, तर्रीचे पैसे कमी करा. निमूट जीपे करते. ती वाईट नाहीये हो. तिथे भाव फळ्यावर लिहिलेला असतो, आणि आपला भाव आपल्या चेहऱ्यावर शोधावा लागतो, एवढाच फरक.

म्हणून भाव फळ्यावर लिहा. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसच्या कॅटलॉगमध्ये फोटो आणि त्याखाली दर टाका. "कितीला?" आलं की कॅटलॉग पाठवायचा. फोनवर आकडा बोलायचा नाही, बोललात की आवाज पडतो. माझा तरी पडतो.

त्या कॅटलॉगमध्ये एक चूक करू नका, जी मी केली होती. अर्धा किलोचा दर निम्मा ठेवला होता, 500. पण अर्ध्या किलोला सामान निम्मं लागतं, वेळ निम्मा लागत नाही. भांडी तेवढीच, मोरपंखी निळ्याची चर्चा तेवढीच. माझे पावणेतीन तास जातातच, म्हणजे 330. सामानाचे 230 धरा, वर नफा. 650 च्या खाली परवडत नाही.

आता खरी गोष्ट, सूट. माझं मत जरा कडक आहे. केक एकतर पूर्ण दराने विका, नाहीतर पूर्ण भेट द्या. अर्धवट सूट देऊ नका. भेट दिली तर ती लक्षात राहते, आणि सूट दिली तर भाव लक्षात राहतो. मी एका मैत्रिणीला 600 ला किलो दिला होता. तिने मनापासून माझं कौतुक केलं, सोसायटीच्या ग्रुपवर माझा नंबरही टाकला. सोबत लिहिलं, "600 ला किलो करते, मस्त असतो." त्या महिन्यात सात ऑर्डर आल्या आणि सातही जणी 600 घेऊन आल्या. त्यातल्या दोघींचं तर मी तोंडही पाहिलं नव्हतं.

म्हणून आता वर्षाला तीन केक भेट. कुणाला, ते जानेवारीतच वहीत लिहून ठेवते. बाकी कुणी कमी करायला सांगितलं, तर मी दर कमी करत नाही, केक कमी करते. मेसेज असा जातो: "1000 मध्ये छान बसवते, फक्त फोंडंटची बाहुली काढून टॉपर लावू, आणि घ्यायला तू ये." फोंडंटच्या, म्हणजे साखरेच्या लगद्याच्या, बाहुलीला दीड तास जातो, आणि पोचवायचं म्हटलं तर इंदिरानगरहून म्हसरूळ म्हणजे मध्ये द्वारका चौक. एप्रिलच्या दुपारी द्वारकेच्या सिग्नलला मांडीवर केक घेऊन बसलात की कळतं, क्रीमला घाम कसा फुटतो ते. पोचवण्याचे पैसे वेगळेच घ्या, आणि उन्हाळ्यात सकाळी दहाच्या आत पोचवा.

आणखी एक. घरून विकत असाल तरी एफएसएसएआयची, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी लागते. तो 14 आकडी नंबर डब्यावर असला की "घरचंच तर आहे" म्हणणारेही जरा सावरून बोलतात, हा माझा अनुभव.

सगळ्यात अवघड गिऱ्हाईक मात्र घरातच होतं. सासूबाईंच्या भिशीत बारा जणी. "आमची सून करून देते की," असं आई तिकडे सांगून यायच्या आणि मला इकडे कळायचं. त्यांना मी काय कॅटलॉग पाठवणार? एकदा दुपारी ही वही त्यांच्यासमोर ठेवली आणि म्हटलं, आई, जरा बेरीज तपासता का, माझी चुकते. त्यांनी चष्मा लावून पान दोनदा वाचलं. काही बोलल्या नाहीत. उठून चहा टाकला.

पुढच्या भिशीनंतर त्यांचा फोन चालू होता, मी आत भांडी घासत होते. "हो हो, करेल की. पण सोन्याचं वेगळं आणि घडणावळीचं वेगळं हं, ते तू तिच्याशीच बोल."