कडक भाकरीएवढा सूर्य, होटगी रोडवरची सूर्यमाला

(कॅमेऱ्यापुढं भाकरी धरून)

नमस्कार मंडळी. ही आपली कडक भाकरी. ज्वारीची, पापडासारखी, टिचकी मारली की वाजणारी. (टिचकी) ऐकलंत? सोलापूरबाहेरच्यांसाठी सांगतो, ही कितीतरी दिवस टिकते आणि हिच्याबरोबर शेंगा चटणी लागते. लागतेच. पण आज ही खायची नाही. आज हा सूर्य आहे.

शाळेतला तो सूर्यमालेचा तक्ता आठवतोय का? डाव्या कडेला पिवळा अर्धा गोळा आणि शेजारी सगळे ग्रह लग्नाच्या पंगतीत बसल्यासारखे मांडीला मांडी लावून. नावं पाठ करायला तक्ता झकास. अंतराच्या बाबतीत मात्र साफ थापाड्या. त्याचाही इलाज नाही म्हणा. आकार आणि अंतर दोन्ही खऱ्या मापात दाखवायचं तर भिंत किलोमीटरभर लांब पाहिजे. म्हणून मी आणि माझी सहावीतली भाची, आम्ही भिंत सोडली आणि रविवारी पहाटे सहाला होटगी रोड धरला.

माप सोपं आहे. सूर्याचा व्यास साधारण १४ लाख किलोमीटर. भाकरी भरली २८ सेंटिमीटर. म्हणजे आपला एक मीटर बरोबर ५० लाख किलोमीटर. भाकरी चपटी आणि सूर्य गोल, हे मलाही कळतं की ओ. आपण फक्त रुंदी घेतोय.

(फाटकाला दोरीनं बांधलेली भाकरी दाखवत)

सूर्य बांधला इथं, या फाटकाला. आणि हा आमच्या घरचा मिसळणाचा डबा, यात बाकीची सूर्यमाला.

साडेअकरा मीटरवर बुध. राजगिऱ्याचा एक दाणा. साडेएकवीस मीटरवर शुक्र, बाजरीचा दाणा. मे महिन्यात आपण ४३ अंशांना 'भाजलो बघा' म्हणतो ना, शुक्रावर ४६५ अंशांच्या आसपास तापमान असतं, दिवसा आणि रात्रीही. बुध सूर्याला जास्त जवळ, तरी तापण्यात शुक्र पुढं, कारण त्याच्यावर कार्बन डायऑक्साइडची जाड गोधडी आहे. आत आलेली उष्णता बाहेरच पडत नाही. शिसं वितळतं तिथं.

आणि ३० मीटरवर आपण. पृथ्वी. पुन्हा बाजरीचा दाणा, शुक्रापेक्षा किंचित मोठा. व्हिजिटिंग कार्डावर ठेवला. आपलं सोलापूर, सिद्धेश्वराचं तळं, समुद्र, हिमालय, सगळं या अडीच मिलिमीटरच्या दाण्यावर.

इथं जरा थांबू, कारण खरी गंमत इथंच आहे. चंद्र कुठं ठेवायचा? भाची दहा पावलं पुढं जायला निघाली होती. म्हटलं थांब. हात लाव कार्डाला. चार बोटं. बास, एवढ्यावर चंद्र. राजगिऱ्याहून बारीक कण. माणूस आजवर पृथ्वीपासून जास्तीत जास्त लांब गेला तो एवढाच, चार बोटं. आणि आपलं आदित्य एल-१? २ सप्टेंबर २०२३ ला उडालं तेव्हा कितीतरी जण म्हणत होते, यान सूर्याजवळ चाललंय. ते पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर आहे. आपल्या मापात ३० सेंटिमीटर. शाळेतल्या लांब, फूटभर पट्टीएवढं. भाकरी अजून जवळजवळ तीस मीटर लांबच.

आता प्रकाश. तो सेकंदाला तीन लाख किलोमीटर जातो, जगात त्याच्यापुढं कोणी नाही. आपल्या मापात हाच वेग किती भरतो? सेकंदाला सहा सेंटिमीटर. मुंगळ्याची चाल! भाकरीपासून निघालेला मुंगळा या दाण्याशी पोचायला ८ मिनिटं २० सेकंद घेणार. सूर्याचा प्रकाश आपल्याला आठ मिनिटांनी पोचतो, ते हेच.

मी हे कॅमेऱ्याकडं बघून सांगत होतो आणि मागनं भाची ओरडली, "मामा, पृथ्वी चालली!"

बघतो तर खरोखरचा मुंगळा. कार्डावर चढला, बाजरीचा दाणा उचलला आणि निघाला. चंद्राच्या पुढं नेली त्यानं पृथ्वी. तो तुकडा मी मुद्दाम कापलेला नाही, बघा. (तुकडा) मग डब्यातनं दुसरी पृथ्वी काढली.

४५ मीटरवर मंगळ, बारीक मोहरी. आपलं मंगळयान ५ नोव्हेंबर २०१३ ला निघालं आणि २४ सप्टेंबर २०१४ ला तिथं पोचलं. दहा महिने, या पंधराएक मीटरांसाठी. म्हणजे सरळ रेषेत नाही गेलं ते, सूर्याभोवती वळण घेत गेलं.

इथपर्यंत तक्ता थोडाफार माफ. पुढं तो उघडा पडतो. मोहरी ठेवली आणि चालायला लागलो. ५० मीटर झाले. काही नाही. मधे लघुग्रहांचा पट्टा लागतो, पण पिक्चरमध्ये दाखवतात तसे दगडावर दगड आदळत नाहीत. तिथले सगळे दगड एकत्र केले तरी चंद्राच्या वजनाच्या तीन-चार टक्केच भरतील. १०० मीटर झाले. फिरायला निघालेले एक आजोबा थांबून म्हणाले, "काय सांडलंय का?" म्हटलं, "नाही ओ, गुरू ठेवायचाय." आजोबांनी काहीच न बोलता नमस्कार केला आणि पुढं गेले.

१५६ मीटरवर गुरू. त्याला दाणा चालत नाही, बोर लागतं. आपल्या बाजारात मिळतं तसलं, २८ मिलिमीटरचं. आमच्या बोराला नेमका एक किडका डाग होता आणि गुरूवरही तसाच लाल डाग आहे, एक प्रचंड वादळ. तो डाग आपल्या बाजरीच्या दाण्यापेक्षा मोठा.

वजनाचा हिशोब इथंच सांगून टाकतो. सगळ्या सूर्यमालेचं वजन हजार रुपये धरलं, तर नऊशे साडेअठ्ठ्याण्णव रुपये एकटा सूर्य घेऊन बसलाय. उरलेल्या चिल्लरीत ९५ पैसे गुरूचे. शनीचे २८. पृथ्वीच्या वाट्याला एक पैसासुद्धा येत नाही.

शनी २८७ मीटरवर. लहान बोर आणि भोवती बायकोची काचेची बांगडी. मापात बरोब्बर बसली. फक्त जाडी खोटी आहे. शनीची खरी कडी अडीच लाख किलोमीटरपेक्षा जास्त रुंद, आणि जाडी बहुतेक ठिकाणी काही दहा मीटर. बर्फाचे तुकडे आहेत ते. आपल्या मापात असली बांगडी कुठलाच कासार बनवू शकत नाही.

इथून पुढं मला पाय दुखायला लागले, खोटं कशाला बोलू. ५७४ मीटरवर युरेनस. काबुली हरभरा. पंचांगात याला हर्षल म्हणतात. विल्यम हर्शेलनं १७८१ ला तो शोधला, त्याचंच नाव. हा ग्रह आडवा पडून फिरतो. आणि ९०० मीटरवर, दुसरा हरभरा, नेपच्यून. १८४६ ला सापडला. सूर्याभोवती एक फेरी मारायला त्याला १६५ वर्षं लागतात, म्हणजे सापडल्यापासूनची त्याची पहिली फेरी २०११ मध्ये पुरी झाली. प्लूटो २००६ पासून ग्रह नाही, तर बटुग्रह. त्याच्यासाठी आणखी तीनशे मीटर चालायला भाचीनं साफ नकार दिला.

(मागं वळून कॅमेरा रस्त्यावर)

बघा. भाकरी दिसतीय का? नाही दिसत. पण हा हरभरा तिच्याच ओढीनं फिरतोय. नऊशे मीटरांत आपण काय ठेवलं? दोन बोरं, दोन हरभरे आणि चिमूटभर दाणे. बाकी सगळा रस्ता रिकामा.

"आणि याच्या पुढं?" भाचीनं विचारलं.

पुढं व्हॉयेजर-१. १९७७ ला सोडलेलं यान, माणसानं केलेल्या वस्तूंमध्ये सगळ्यात लांब गेलेलं. ते आपल्या फाटकापासून पाचेक किलोमीटरवर असेल, वर्षाला जेमतेम शंभर मीटर सरकतं. आणि सूर्यानंतरचा सगळ्यात जवळचा तारा, प्रॉक्झिमा सेंटॉरी? पाणीपुरीच्या पुरीएवढा. तो ठेवायला आठ हजार किलोमीटर जायचं, लंडनच्याही पुढं. भाची म्हणाली, "नको, आईला सांगितलंय आठला येते म्हणून."

मग दाणे गोळा करत परत फिरलो. मोहरी सापडलीच नाही, मंगळ तिथंच राहिला. मुंगळ्याला, म्हणजे प्रकाशाला, हा रस्ता कापायला चार तासांवर वेळ लागतो. आम्ही दोघं बारा-तेरा मिनिटांत पोचलो. भाचीनं तोंडी गुणाकार केला, "मामा, आपण प्रकाशाच्या वीसपट जोरात आलो."

आलो तेव्हा फाटकावर कावळा बसला होता, आणि सूर्याचा एक कोपरा गेलेला. उरलेला आम्ही घरी नेऊन शेंगा चटणीबरोबर खाल्ला.