पुरुमेंताचं खोबरं

मे संपत आला की फोंड्याकडच्या अंगणांत पाय ठेवायला जागा उरत नाही. सोलं, मिरच्या, चिंच, खोबऱ्याच्या वाट्या, सगळं उन्हात. पावसाळ्याची ही बेगमी म्हणजे गोव्याचं पुरुमेंत.

ही एक वाटी जरा जवळून बघा. कडेला पिवळसर-हिरवी भुकटी. वळवाची सर आली, वाट्या घाईत गोळा झाल्या आणि आतून दमट राहिल्या. आजी सुनेला बजावते, "ती कोंबड्यांनासुद्धा घालू नकोस गो."

कोंबड्यांचं तिने बरोबर ओळखलं. 1960 साली इंग्लंडमध्ये टर्कीची लाखभर पिल्लं मेली, ती बुरशी लागलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीने. त्यातूनच अफ्लाटॉक्सिन या बुरशीच्या विषाचा छडा लागला. आपल्याकडे 1974 मध्ये राजस्थान-गुजरातेत बुरसलेला मका खाऊन शंभरावर माणसं दगावली.

हे विष पोटात जातं तेव्हा तसं बोथटच असतं. त्याला धार लावतं आपलंच यकृत! तिथली एन्झाइमं त्याचं इपॉक्साइड हे घातक रूप करतात आणि ते डीएनएला जाऊन चिकटतं. ग्लुटाथिऑन नावाचा रेणू जमेल तेवढं वाटेतच पकडून बाहेर काढतो.

वनस्पतींची मदत होते ती इथे. हळदीतलं कर्क्युमिन प्राण्यांवरच्या प्रयोगांत दोन्हीकडे हात घालतं: धार लावणाऱ्यांना आवरतं, ग्लुटाथिऑनला बळ देतं. माणसांवरचा भक्कम प्रयोग मात्र हळदीचा नाही. चीनमधल्या चिदोंगमध्ये 180 जणांना चार महिने क्लोरोफिलिनच्या किंवा तशाच दिसणाऱ्या साध्या गोळ्या दिल्या. क्लोरोफिलिन बनतं पानांतल्या हरितद्रव्यापासून. मात्रा 100 मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा. ते घेणाऱ्यांच्या लघवीत, विष डीएनएला चिकटल्याची खूण 55 टक्क्यांनी कमी आढळली. क्लोरोफिलिन विषाला आतड्यातच धरून ठेवत असावं, असा कयास आहे.

आता कुणी म्हणेल, मग हळदीच्या पानात वाफवलेल्या पातोळ्या आम्ही खातोच की! खा, पण वासासाठी. कर्क्युमिन असतं हळदीच्या कंदात, पानात नव्हे. आणि खाल्लं तरी रक्तात उतरतं अगदी थोडं. बुरसलेलं खोबरं हळद घालून उकळलं, तरी विष काही जात नाही.

पश्चिमेकडे आभाळ भरून आलंय. आजी नि सून वाट्या सुपात भरताहेत, एकेक उलटून बघत.