ज्याला कुणी हाक मारत नाही

[दृश्य : रामबागेतल्या जुन्या घराची माडी. खिडकीपाशी लॅपटॉप.]

इंदूर, रामबाग. आमच्या आजोळची माडी. माझी धाकटी बहीण गेले तीन रविवार इथे बसून कोडची एक ओळ शोधते आहे, आणि ती सापडू नये अशी तिची इच्छा आहे.

लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातून, म्हणजे कर्नलमधून, तिला एक ट्रेस-इव्हेंट काढायचा आहे; तो वापरणारी एखादी ओळ कुठे उरली तर नाही ना, हेच ती बघते आहे. मेमरी, डिस्क, नेटवर्क सगळं कर्नलच्या हातून जातं. चालत्या यंत्रात आत काय घडतंय ते बघता यावं, म्हणून त्याच्या कोडमध्ये जागोजागी ट्रेसपॉइंट, म्हणजे नोंद घ्यायच्या जागा, पेरलेले असतात; ती नोंद ज्या नावाने सुरू करता येते, तो ट्रेस-इव्हेंट. इंटेल-एएमडीच्या प्रोसेसरवर बंद ट्रेसपॉइंटच्या जागी काहीच न करणारी एक छोटी सूचना असते. ट्रेस सुरू केला, की कर्नल चालता चालता तिथे उडी मारायची सूचना लिहितो. मला हे फार सुंदर वाटतं.

पण इव्हेंटची व्याख्या एका फाइलमध्ये असते आणि त्याला केलेला कॉल, म्हणजे मारलेली हाक, दुसरीकडे. कुणी फंक्शन नव्याने लिहितं, कॉल जातो, व्याख्या मागे राहते. कोडचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा कंपायलर चकार शब्द काढत नाही. असा एकेक इव्हेंट पाच किलोबाइटपर्यंत मेमरी अडवतो. एफट्रेस ही ट्रेस करायची सोय २००८ मध्ये कर्नलमध्ये आणणारे स्टीव्हन रॉस्टेड यांनी २०२५ मध्ये बिल्डच्या वेळीच, म्हणजे कोडपासून कर्नल तयार होतानाच, असे इव्हेंट दाखवणारी तपासणी मांडली.

पाच किलोबाइटांसाठी तीन रविवार?

“दादा, मेमरीचं सोड. इव्हेंट्सच्या डिरेक्टरीत याचं नाव दिसतं. रात्री सर्व्हर अडला, कुणी हा सुरू केला, एकही नोंद आली नाही. तो काय समजेल? की इथे काही घडलंच नाही.”

[दृश्य : जिन्यापाशी काळा स्विचबोर्ड.]

या बोर्डावरचं शेवटचं बटण आजोबांनी गच्चीच्या दिव्यासाठी बसवलं. वायर ओढायची राहिली. पाहुणे अजून ते दाबून वर बघतात.

तरी तपासणीचा इशारा दिसला म्हणून लगेच काढून टाकता येत नाही. कॉल एखाद्या कॉन्फिग पर्यायाआड, म्हणजे बिल्डआधी चालू-बंद करता येणाऱ्या निवडीआड असेल, तर तिच्या बिल्डमध्ये तो येणारच नाही. नाव मॅक्रोने, म्हणजे कोडमधल्या संक्षेपाने, जोडून बनत असेल, तर मजकुरात शब्द शोधणाऱ्या ग्रेपला सापडणार नाही. म्हणून ती कोडमधला प्रत्येक बदल जपणाऱ्या गिटच्या इतिहासात मागे मागे गेली. शेवटचा कॉल कोणत्या कमिटने, म्हणजे नोंदवलेल्या बदलाने, काढला, ते काल सापडलं. पॅचच्या, म्हणजे ती पाठवणार असलेल्या बदलाच्या, मजकुरात तिने सगळ्यात आधी तेच लिहिलं आहे.

धास्तीला कारणही आहे. २०११ मध्ये बिग कर्नल लॉक, म्हणजे सगळ्या कर्नलला मिळून असलेलं जुनं कुलूप, गेलं, तेव्हा ट्रेसच्या नोंदींतली लॉकची खोली सांगणारी चार बाइटांची जागा निरुपयोगी ठरली. ती काढली आणि विजेचा वापर दाखवणारा पॉवरटॉप हा प्रोग्राम बिघडला. नोंदीत कुठे काय असतं हे त्याने गृहीत धरलं होतं. ते चार बाइट रिकामेच परत ठेवावे लागले. वापरणाऱ्याचं चालतं काम मोडायचं नाही, हा कर्नलचा नियम आहे आणि तो मला पटतो.

[दृश्य : पडद्यावर पॅच. सगळ्या बदललेल्या ओळी लाल.]

“किती ओळी?”

“चव्वेचाळीस वजा. अधिक एकही नाही.”

खालून मामी जेवायला हाक मारते आहे. बहिणीने सगळे पर्याय चालू करून पुन्हा एकदा बिल्ड लावलं आहे. ते सरळ पार पडलं, की मगच ती पॅच पाठवणार आहे.