बर्लिनला नवीन आलात? सगळं शहर एकट्याने बघून संपवू नका

नमस्कार मंडळी! आजचा व्हिडिओ बर्लिनला नुकत्याच आलेल्यांसाठी आहे. शिकायला या, नोकरीला या, पहिले दोन महिने सगळ्यांचे सारखेच जातात. सोमवार ते शुक्रवार काम, मध्येच एक दिवस ब्युर्गरआम्टमध्ये जाऊन अन्मेल्डुंग, म्हणजे पत्त्याची नोंदणी. आणि शनिवार-रविवार फोनवर ‘बर्लिनमधली बघण्यासारखी ठिकाणं’ काढायची आणि एकेक उडवत सुटायचं. ब्रँडनबर्ग गेट झालं, भिंत झाली, टीव्ही टॉवर झाला. फोटो घरच्या ग्रुपवर गेले. मग आई फोनवर विचारते, ‘कुणी ओळखीचं झालं का गं तिथे?’ आणि आपण विषय बदलतो.

तोवर नोव्हेंबर लागलेला असतो. डिसेंबरात इथे दुपारी चारच्या आत सूर्य मावळतो. बघायचं सगळं बघून झालेलं, बाहेर काळोख, आणि रविवारी दुकानंही बंद. काही श्पेटी, म्हणजे आपल्या कोपऱ्यावरच्या टपरीची इथली बहीण, उघडे असतात, पण तिथे गप्पा मारून मारून किती मारणार?

म्हणून माझं म्हणणं असं, की फिरणं आणि ओळखी करणं हे दोन वेगळे कार्यक्रम ठेवू नका. काही ठिकाणं एकट्याने बघा, आणि काही मुद्दाम राखून ठेवा. नवीन ओळखीच्या माणसाला ‘कॉफी प्यायची का?’ विचारलं तर तो कॅलेंडर काढतो. ‘मी अजून अमुक जागा बघितली नाहीये, येतोस का?’ म्हटलं तर इथल्या माणसाला ते जास्त सोपं जातं. काय करायचं, किती वेळ करायचं, सगळं ठरलेलं असतं ना!

आधी एकट्याने करायच्या गोष्टी, पटकन सांगते. 100 नंबरची बस. झूओलॉजिशर गार्टनवरून आलेक्सांडरप्लात्सला जाते, वाटेत विजयस्तंभ, राष्ट्राध्यक्षांचं बेलव्ह्यू, संसदेची इमारत राइशटाग, उंटर डेन लिंडेन हा रस्ता, सगळं येतं. डबल डेकर आहे, वरच्या मजल्यावर अगदी पुढची सीट पकडा. 1990 मध्ये दोन्ही बर्लिन पुन्हा जोडणारी ही पहिली बस, आणि टूरवाल्यांच्या महागड्या बसला लागतात तसे पैसेही नाहीत.

दुसरी जागा बेर्नाउअर श्ट्रासे. भिंत बघायला बहुतेक लोक ईस्ट साइड गॅलरीला जातात. 1.3 किलोमीटर भिंत, सगळी रंगवलेली, फोटो छान येतात. पण ती कशी होती हे कळायचं असेल तर बेर्नाउअर श्ट्रासेला जा. तिथे भिंतीमागचा मोकळा पट्टा आणि टेहळणीचा मनोरा ठेवलेला आहे. या रस्त्याच्या एका बाजूची घरं पूर्व बर्लिनमध्ये आणि दारापुढची फरसबंदी पश्चिमेत! ऑगस्ट 1961 मध्ये भिंत उभी राहायला लागली तेव्हा लोकांनी या घरांच्या खिडक्यांमधून खाली उड्या मारल्या. इथे फुकट प्रवेश आहे आणि इथे बोलायला कुणी नसलं तरी चालतं, किंबहुना नसलेलंच बरं. चेकपॉइंट चार्ली, म्हणजे पूर्व-पश्चिम सीमेवरची चौकी, मात्र गाळलंत तरी काही बिघडत नाही. ती चौकी मूळची नाही, नंतर केलेली प्रतिकृती आहे, आणि भोवती सगळी टोप्या-बिल्ल्यांची दुकानं.

आता तिकीट. डॉइचलांड-टिकेट घ्या. जानेवारी 2026 पासून महिन्याला 63 युरो, आणि देशभरातल्या लोकल, बस, ट्राम, मेट्रो, रिजनल ट्रेन सगळ्यात चालतं. आयसीईसारख्या लांब पल्ल्याच्या जलद गाड्यांत चालत नाही. ही वर्गणी आहे बरं का, आपोआप पुढे चालू राहते. बंद करायची असेल तर महिन्याच्या दहा तारखेच्या आत कळवायचं. आणि स्टेशनवर अडवणारं गेट दिसलं नाही म्हणून हुरळून जाऊ नका. साध्या कपड्यातले तपासनीस डब्यातच उठून उभे राहतात, दंड 60 युरो.

(पडद्यावर: पार्कमधलं काँक्रीटचं टेबल-टेनिस टेबल)

हे टेबल नीट बघून घ्या. बर्लिनमध्ये जवळजवळ प्रत्येक बागेत असं एखादं तरी सापडतं. खाली काँक्रीट, मधे लोखंडी पत्र्याचं नेट, त्यामुळे चेंडू नेटला लागला की टण्ण आवाज येतो. संध्याकाळी इथे आठ-दहा जण एकत्र खेळताना दिसतील. या खेळाला म्हणतात रुंडलाउफ. प्रत्येकाच्या हातात स्वतःची बॅट. सगळे टेबलाभोवती गोल फिरत असतात. आपली पाळी आली की चेंडू मारायचा आणि पळत पलीकडच्या रांगेत जायचं. चुकला की बाद. माणसं कमी होत जातात तसा पळायचा वेग वाढतो, तिघं उरले की नुसती धावाधाव, आणि शेवटचे दोघं साधा छोटा सामना खेळतात. मग सगळे परत आत, पुन्हा सुरू.

यात गंमत अशी की इथे ओळख लागत नाही. बॅट घेऊन बाजूला उभं राहायचं, नवीन डाव सुरू झाला की ‘कान इश मिटश्पीलन?’, म्हणजे ‘मी पण खेळू का?’, एवढं विचारायचं, की झालात सामील. जर्मन माणूस अनोळखी माणसाशी बोलत नाही असं ज्याने सांगितलं तो कधी या टेबलापाशी उभा राहिलेला नसणार. खेळ यायलाच पाहिजे असंही नाही. उलट पहिल्याच फटक्याला बाद झालेले दोघं बाजूला उभे राहून जास्त बोलतात. पाच-सात युरोची बॅट, बर्लिनमधली सगळ्यात स्वस्त गुंतवणूक.

पण एकदा खेळून भागत नाही, आणि हीच खरी मेख आहे. आपल्याकडे ओळख झाली की ‘ये ना घरी’ होतं, आणि माणूस खरंच येतो, जेवूनच जातो. इथे ओळख होते ती त्याच वारी, त्याच वेळी, त्याच जागी पुन्हा पुन्हा दिसल्याने. दर मंगळवारचा श्टामटिश, म्हणजे ठरलेल्या टेबलावरचा गप्पांचा अड्डा, दर गुरुवारचा गाण्याचा सराव, फोक्सहोखशूलेतला, म्हणजे प्रौढांच्या शिक्षण केंद्रातला, भाषेचा वर्ग, कुठलं तरी फेराइन, म्हणजे मंडळ. बॅडमिंटनपासून बागकामापर्यंत प्रत्येक गोष्टीचं इथे फेराइन असतं. एक काहीतरी निवडा आणि कंटाळा आला तरी जात राहा. पहिल्या दोन-तीन वेळा कुणी फारसं बोलत नाही. एक दिवस गेला नाहीत की पुढच्या वेळी कुणीतरी विचारतं, ‘मागच्या वेळी नव्हतीस?’ मग समजायचं, गाडी रुळावर आली.

शनिवारी सकाळी लवकर उठता येत असेल तर हाझनहाइडे बागेत नऊ वाजता पार्करन असते. पाच किलोमीटर, फुकट, चालत गेलं तरी कुणी हसत नाही. आणि याच बागेच्या कडेला गणपतीचं देऊळ आहे. कितीतरी वर्षं बांधकाम चाललेलं, गोपुरासकट, खास दाक्षिणात्य पद्धतीचं. पळून झाल्यावर बाप्पाला बाहेरून का होईना हात जोडायचे, आणि सगळ्यांना घेऊन पलीकडे चालत टेंपलहोफच्या मैदानावर जायचं.

टेंपलहोफ हे मी राखून ठेवायला सांगीन अशा जागांमध्ये पहिलं. हा विमानतळ होता, 2008 मध्ये बंद झाला, 2010 मध्ये लोकांना फिरायला खुला केला. धावपट्ट्या तशाच आहेत. जिथून विमानं उडायची तिथे आता लोक सायकल चालवतात, पतंग उडवतात, काही जण तर चाकाच्या पाटीवर शीड लावून वाऱ्यावर सुसाट जातात. 1948 मध्ये सोव्हिएत रशियाने पश्चिम बर्लिनचे रस्ते आणि रेल्वे अडवले तेव्हा कोळशापासून पिठापर्यंत सगळं विमानाने आलं, आणि त्यातली कितीतरी विमानं इथे उतरली. एक अमेरिकन वैमानिक, गेल हॅल्व्हर्सन, उतरताना रुमालाच्या छोट्या पॅराशूटला चॉकलेटं बांधून मुलांसाठी खाली सोडायचा. या मैदानाच्या कडेला घरं बांधायचा बेत होता, 2014 मध्ये बर्लिनकरांनी मतदान करून तो हाणून पाडला. हे सगळं मी वाचून सांगितलं असतं तरी चाललं असतं, पण तुम्ही एखाद्या बर्लिनकराबरोबर तिथे गेलात आणि ‘तू तेव्हा कुठल्या बाजूने मत दिलंस?’ विचारलंत, तर पुढचा अर्धा तास तुम्हाला काही बोलावं लागणार नाही. एक लक्षात ठेवा, सूर्यास्ताला फाटकं बंद होतात. आणि प्यायलेली बाटली कचऱ्याच्या डब्यात टाकू नका, डब्याच्या शेजारी उभी ठेवा. प्लास्टिकच्या बाटलीला 25 सेंट अनामत परत मिळते, बाटल्या गोळा करणाऱ्यांचा त्यावर दिवस चालतो.

राखून ठेवायची दुसरी जागा, राइशटागचा काचेचा घुमट. फुकट आहे, पण आधी नाव आणि जन्मतारीख देऊन नोंदणी करावी लागते, आणि जाताना पासपोर्ट लागतो. एका नोंदणीत बाकीच्यांची नावंही टाकता येतात. ‘मी बुकिंग करतेय, तुझी जन्मतारीख सांग’, यासारखं हक्काचं निमंत्रण नाही. एकदा नाव गेलं की माणूस टांग देत नाही.

तिसरी, वानझे तलावातली बोट. एफ 10 नावाची ही बोट वानझेहून पलीकडे क्लाडोला जाते, वीसेक मिनिटं लागतात, आणि ती सार्वजनिक वाहतुकीत मोडते, म्हणजे तुमच्या त्याच पासात! भारतातून आई-बाबा आले की त्यांनाही इथेच न्या. तिथून पुढे वेळ असेल तर पोट्सडामला सांसूसी राजवाड्याची बाग. राजा फ्रेडरिक दुसरा तिथे आपल्या कुत्र्यांशेजारी पुरलाय, आणि त्याच्या साध्या फरशीवर लोक बटाटे ठेवून जातात. फुलं कमी, बटाटेच जास्त. प्रशियात, म्हणजे त्याच्या राज्यात, बटाट्याची लागवड व्हावी म्हणून तो मागे लागला होता, त्याची ही पोचपावती.

आता एक जागा, जी कुठल्याच यादीत नाही. ऊ-बानची, म्हणजे मेट्रोची, ऊ-3 लाइन पकडा आणि दालेममध्ये ‘फ्राये युनिव्हर्सिटेट’ स्टेशनला उतरा. जवळच ईनेश्ट्रासे 22 ही इमारत आहे, आता तिथे राज्यशास्त्र शिकवतात. 1927 मध्ये तिथे मानववंशशास्त्राची कैसर विल्हेल्म संस्था सुरू झाली, आणि पुढच्याच वर्षाच्या शेवटी पुण्याहून एक बावीस-तेवीस वर्षांची मुलगी तिथे पीएच.डी.ला आली. इरावती कर्वे. संस्थेचे प्रमुख ऑयगेन फिशर तिचे मार्गदर्शक. त्यांनी काम दिलं ते माणसांच्या कवट्यांची डावी-उजवी बाजू मोजून वंशावंशात फरक दिसतो का हे बघण्याचं. फिशरना फरक अपेक्षित होता. इरावतीबाईंनी मोजमापं घेतली, तसा फरक मिळाला नाही, आणि त्यांनी तेच लिहून दिलं. 1930 मध्ये पदवी घेऊन परत. पुढे नाझी काळात याच संस्थेने वंशवादाला विज्ञानाचा मुलामा दिला, आउशवित्सच्या छळछावणीतून तिथला नाझी डॉक्टर मेंगेले याने इथे नमुने पाठवले. इमारतीवर तशी पाटी लावलेली आहे.

परदेशात नवीन, भाषा नवीन, गुरू एवढा मोठा, आणि ‘तुमचं म्हणणं आकड्यात दिसत नाही’ हे त्याला लिहून द्यायचं. माझ्यात ती हिंमत नसती, स्पष्ट सांगते. तिथे मी ऑफिसमधल्या दोन जर्मन मैत्रिणींना घेऊन गेले होते. दोघी बर्लिनमध्येच वाढलेल्या, पण ही गोष्ट त्यांना माहीत नव्हती. एरवी कायम त्या मला दाखवतात, ‘हे बघ, ते बघ.’ त्या दिवशी मी बोलत होते. परत येताना एकीने विचारलं, पुणं इथून किती लांब, आणि जायचं तर कुठल्या महिन्यात?

आता थोडे व्यवहाराचे चटके. हॉटेलात बिल आलं की वेटर विचारतो, एकत्र की वेगवेगळं? ‘मी देते, मी देते’ करून झटापट करू नका, समोरचा खरंच गोंधळतो. वाढदिवसाच्या शुभेच्छा आदल्या दिवशी अजिबात देऊ नका, अपशकुन मानतात. तुमचा वाढदिवस असेल तर ऑफिसात केक तुम्हीच न्यायचा. बेसनाचे लाडू नेलेत तर डबा दुपारपर्यंत रिकामा, हा माझा अनुभव. आणि सातची वेळ म्हणजे सात.

आपली मराठी मंडळी इथे आहेतच. गणपती होतात, दिवाळी होते, घर बघायला आणि कुकर उसना द्यायला तीच पहिली धावून येतात. त्यांच्याशी जोडून राहा. फक्त आठवड्याच्या सगळ्या संध्याकाळी तिथेच घालवू नका, एवढंच.

आणि जे ऑक्टोबरात उतरले आहेत त्यांच्यासाठी: बाहेरची टेबलं थंडीत ओस पडतात, पण गल्लीगल्लीतल्या काही बारमध्ये आत टेबल-टेनिस असतं, तिथेही रुंडलाउफच चालतं. पेर्गामोन म्युझियम ऑक्टोबर 2023 पासून दुरुस्तीसाठी बंद आहे, उगाच दारापर्यंत जाऊ नका. त्याऐवजी रिंगबान पकडा. एस 41 घड्याळाच्या दिशेने, एस 42 उलटी, साधारण एका तासात शहराला पूर्ण प्रदक्षिणा. डबा गरम असतो, आणि कुणी सोबत असेल तर थर्मासमधला चहा पुरतो.

पुढच्या व्हिडिओत घर कसं शोधायचं. तो जरा मोठा होणार आहे, कारण रडगाणं मोठं आहे. भेटू!