हमीभाव फाटकापाशीच का अडतो?

[दृश्य : जिनिंगचं आवार, वणी परिसर. सकाळ. फाटकाबाहेर गाड्यांची रांग.]

यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीकडच्या या जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी काढून रुई वेगळी करणाऱ्या कारखान्याच्या, आवारात सीसीआयचं, म्हणजे केंद्र सरकारच्या कापूस महामंडळाचं, कापूस खरेदी केंद्र आहे. बाहेर पिकअप, ट्रॅक्टर, मधूनच एखादी बंडी. कापसाची प्रत ठरवणारा ग्रेडर गाडीवर चढतो, कोपरापर्यंत हात घालून खालचा कापूस वर काढतो. वरचा उन्हात वाळवलेला असतो, हे त्यालाही ठाऊक आहे. मग ओलावा मोजायचं यंत्र खुपसतो. आकडा येतो 13.4.

गाडी परत.

"आता वापस नेतो म्हटलं त भाडं कोन देईन?" शेतकरी विचारतो. ग्रेडर तोवर पुढच्या गाडीवर चढलेला असतो.

2025-26 च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव होता क्विंटलला 8,110 रुपये. हा भाव 8 टक्के ओलाव्यापर्यंतचा. पुढे दर टक्क्याला भावात एक टक्का कपात, आणि 12 च्या वर खरेदीच नाही. म्हणजे 12 टक्क्यांचा कापूस 7,786 च्या आसपास जायचा. नियमात तसं चूक काही नाही. पाण्याचे पैसे मोजून रुईच्या गाठी कोण बांधेल? पण दिवाळीच्या सुमाराची पहिली वेचणी दवातली असते, पाऊस लांबला तर आणखीच ओली. आणि पैशाची निकड नेमकी तेव्हाच. वेचणाऱ्या बायांची मजुरी किलोवर, तीही रोख. हरभरा पेरायचा असतो. कृषी केंद्राची उधारी उभीच. मग तोच कापूस गावात खेडा खरेदीवाल्याच्या, म्हणजे गावातच माल घेणाऱ्या व्यापाऱ्याच्या, काट्यावर चढतो. भाव कमी, काट्याचा भरवसा नाही, पण नोटा हातात.

तरी एक गोष्ट मान्य करायला हवी. केंद्र सुरू झालं की खाजगी व्यापाऱ्यालाही भाव थोडा चढवावा लागतो, कारण शेतकऱ्याला दुसरं दार दिसतं. केंद्र उशिरा सुरू झालं, की तेवढे दिवस हे दार बंद.

[दृश्य : पैनगंगेवरचा पूल. पलीकडे तेलंगणातला आदिलाबाद जिल्हा.]

वऱ्हाडच्या कापूस बाजारात सरकारचा हात जुना आहे. बाजाराचे नियम ठरवणारा कायदा इथे 1897 मध्येच आला. पण सगळ्यात मोठा प्रयोग झाला तो 1972 पासून : कापूस एकाधिकार खरेदी योजना. महाराष्ट्रातला कापूस फक्त सरकारच घेणार. व्यापारी बाद.

हेतू चांगला होता. व्यापाऱ्याने पाडलेल्या भावातून शेतकरी सुटावा, जिनिंगपासून गाठी विकण्यापर्यंतचा नफा त्याच्याकडे यावा. पण गिऱ्हाईक एकच उरलं, आणि तेही चुकारे हप्त्याहप्त्याने देणारं. शेजारच्या राज्यात भाव चढला की कापूस रात्रीतून पैनगंगा ओलांडायचा, नाहीतर मध्य प्रदेशात पांढुर्ण्याकडे निघायचा. सीमेवर नाके बसले. स्वतःच्या शेतातला कापूस नेणारा माणूस तस्कर ठरला! इकडचा भाव चढा असला की उलटी गंमत : पलीकडचा कापूस अलीकडे येऊन आपल्या केंद्रांवर विकला जायचा. चढ्या भावाला आपला कापूस बाहेर, पडत्या भावाला बाहेरचा कापूस आत. तोटा व्हायचा तो झालाच. 2002 पासून खाजगी व्यापाऱ्यांना पुन्हा वाट मोकळी झाली आणि एकाधिकार संपला.

आता सरकार एकटं गिऱ्हाईक नाही. पण भावाची दुसरी दोरी, आयात शुल्काची, दिल्लीत आहे, आणि ती फाटकावर दिसत नाही.

2021-22 चा हंगाम आठवून बघा. हमीभाव होता 6,025 आणि खुल्या बाजारात कापूस दहा हजारांच्या वर गेला. सरकारी केंद्राकडे कोणी फिरकेना. सूतगिरण्या ओरडू लागल्या, आणि एप्रिल 2022 मध्ये आयातीवरचं 11 टक्के शुल्क काही महिन्यांसाठी उठलं. ऑगस्ट 2025 मध्ये पुन्हा तेच. अमेरिकेने आपल्या मालावर 50 टक्के शुल्क लादलं, कापड उद्योग अडचणीत आला, त्याला स्वस्त कापूस मिळावा म्हणून शुल्क माफ झालं. आधी 30 सप्टेंबरपर्यंत, मग 31 डिसेंबरपर्यंत. म्हणजे पऱ्हाटी फुटून कापूस बाजारात येऊ लागतो तो ऐन काळ.

तमिळनाडूतल्या तिरुपूरच्या कापड कामगाराचं पोटही कापसावरच आहे, हे खरं. पण जूनमध्ये 8,110 चा आकडा ऐकून बियाण्याचं पाकीट फोडलेल्या माणसाला ऑगस्टमध्ये नवा नियम कळला. एक खातं भाव बांधून देतं, दुसरं तो खाली ओढतं. खुला बाजार हमीभावाच्या खाली गेला की सगळा लोंढा सीसीआयच्या फाटकावर येतो, आणि फाटक तेवढंच असतं.

[दृश्य : मोबाइलवर नोंदणी करणारा तरुण, बाजूला वडील.]

2025-26 च्या हंगामात नोंदणीसाठी 'कपास किसान' ॲप आलं. त्यात सातबारा लागतो, पिकाची नोंद लागते. पण इथे कितीतरी जण दुसऱ्याची शेती मक्त्याने (ठरलेल्या रकमेवर) किंवा बटईने (पिकातल्या वाट्यावर) करतात. त्यांचं नाव सातबाऱ्यावर नसतं. कापूस त्यांचा, हमीभावाचा हक्क कागदावर मालकाचा. तिकडे व्यापारी गावात कमी भावाने घेतलेला कापूस दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर केंद्रात घालतात, ही तक्रार दर हंगामाची. हमीभाव सरकारने मोजला खरा, पण तो गेला कोणाच्या खिशात?

मधला एक मार्ग सांगितला जातो तो भावांतराचा : माल कुठेही विका, हमीभाव आणि बाजारभाव यातला फरक सरकार खात्यात टाकेल. मध्य प्रदेशने 2017 मध्ये हे करून पाहिलं. रांगा, गोदामं, ग्रेडरची कटकट वाचते. पण फरक सरकार भरणार हे कळलं की व्यापाऱ्याला भाव पाडायला मोकळं रान मिळतं, अशी ओरड तिथे झाली. आणि मक्त्याने शेती करणाऱ्याचं काय? सातबारा मालकाच्या नावावर राहिला, तर फरकाचे पैसेही त्याच्याच खात्यात जातील.