साखर उतरली, पण हृदयाचं काय?

(पडद्यावर: गोळ्यांची पट्टी, शेजारी साखर मोजायचं यंत्र)

मधुमेहाचं औषध पारखायची एक सोपी रीत वर्षानुवर्षं चालत आली होती. रक्तातली साखर उतरली ना? मग औषध चांगलं. १९९९ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं, म्हणजे एफडीएनं, रोझिग्लिटाझोनला याच हिशेबानं परवाना दिला. दुकानातलं नाव अव्हँडिया. पुढे ग्लॅक्सोस्मिथक्लाइनची ही गोळी जगभर खपली. साखर ती उतरवायची, यात वाद नव्हताच.

पण मधुमेही माणसाला खरा धोका असतो तो हृदयविकाराचा. आणि हृदयाचा हिशेब परवाना देताना कुणी नीट मागितलाच नव्हता.

शंका मात्र लवकर आली होती. उत्तर कॅरोलायना विद्यापीठातले डॉ. जॉन ब्यूस १९९९ मध्येच त्याबद्दल जाहीरपणे बोलले. त्यांनी गप्प बसावं म्हणून कंपनीनं दबाव आणला, असं अमेरिकी सिनेटच्या वित्त समितीनं २००७ मध्ये उघड केलं.

त्याच वर्षीच्या मे महिन्यात क्लीव्हलँड क्लिनिकचे डॉ. स्टीव्हन निसेन आणि कॅथी वोल्स्की यांनी ४२ चाचण्यांचे आकडे एकत्र करून मांडले. हृदयविकाराच्या झटक्याचा धोका ४३ टक्क्यांनी जास्त!

आता हे आकडे आले कुठून ते बघा. यातल्या बऱ्याच चाचण्या कुठल्याही नियतकालिकात छापून आलेल्या नव्हत्या. त्या होत्या कंपनीच्याच संकेतस्थळावर. तिथे त्या ठेवणं कंपनीला भाग पडलं होतं, तेही पॅक्सिल नावाच्या नैराश्यावरच्या भलत्याच गोळीमुळे. त्या गोळीवरून झालेल्या खटल्यात न्यूयॉर्कच्या महाधिवक्त्यांशी २००४ मध्ये तडजोड झाली आणि चाचण्यांचे निकाल उघडे करावे लागले. तो खटला झाला नसता, तर निसेन यांच्या हाती काय लागलं असतं?

(पडद्यावर: एफडीएच्या सल्लागार समितीची बैठक, जुलै २००७)

धोका वाढतो का? २० मतं हो, ३ नाही. मग औषध बाजारात ठेवायचं? २२ विरुद्ध १ मतानं, ठेवा!

२०१० मध्ये युरोपनं विक्री थांबवली, अमेरिकेनं कडक निर्बंध घातले, भारतानं बंदीच घातली. २०१३ मध्ये एका मोठ्या चाचणीची फेरतपासणी झाली, धोका तितका दिसेना, आणि एफडीएनं निर्बंध सैल केले. म्हणजे धोका नेमका किती, यावर मतभेद राहिले. पण २०१२ मध्ये कंपनीनं ३ अब्ज डॉलर भरून जी प्रकरणं मिटवली, त्यांत अव्हँडियाची सुरक्षिततेची माहिती एफडीएला न कळवल्याचंही एक होतं. दडवादडवीला मतभेदाचा आडोसा मिळत नाही.

या गोंधळातून एक बरी गोष्ट निघाली. २००८ मध्ये मधुमेहाच्या नव्या औषधांना हृदयाची परीक्षा देणं एफडीएनं भाग पाडलं. त्याच परीक्षेत २०१५ मध्ये एम्पाग्लिफ्लोझिन नावाचं औषध हृदयरोगी मधुमेहींचे मृत्यू कमी करतं, हे कळलं.

आपल्याकडे काय? रोझिग्लिटाझोनचं भावंड पायोग्लिटाझोन. मूत्राशयाच्या कर्करोगाच्या शंकेवरून केंद्र सरकारनं जून २०१३ मध्ये त्याची विक्री थांबवली. मधुमेहतज्ज्ञांनी ओरड केली. स्वस्त औषध, हजारो रुग्ण त्यावर स्थिरावलेले. औषध तांत्रिक सल्लागार मंडळाच्या शिफारशीवरून जुलैअखेर विक्री पुन्हा सुरू झाली, एका अटीवर: खोक्यातल्या माहितीपत्रकावर ठळक इशारा हवा.

(पडद्यावर: औषधाचं दुकान. कात्रीनं पट्टी कापली जाते.)

दहा गोळ्या मागितल्या, तर दहाच कापून मिळतात. इशाऱ्याचं ते पत्रक खोक्यातच राहतं, आणि खोकं दुकानात.