काच सगळ्यात शेवटी

नमस्कार. विषय पत्रिकेवर छापलेला आहे, 'रीफ टाकीचं स्थलांतर: लहान टाकीतून मोठ्या टाकीत', म्हणजे आपल्या कोरल आणि मासे असलेल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीचं, आणि मी त्यावरच बोलणार आहे. फक्त त्याआधी एक गोष्ट मला मोकळेपणाने बोलून टाकायची आहे. ती बोलायला अशी खोली पुन्हा मिळेल की नाही सांगता येत नाही. इथे नायट्रेट म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही, हीच केवढी मोठी सोय आहे.

आधी हात वर करा. आत्ताची टाकी लहान पडतेय असं किती जणांना वाटतं? बघा, जवळजवळ सगळे. ज्यांनी हात वर केला नाही, त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बहुधा घरची मंडळी बसलेली असावीत.

आता मोठी टाकी घ्यायची ठरली की आपण पहिल्यांदा काय करतो? काचेची मापं बघतो. लांबी किती, कडा कशा घासलेल्या, पुढची काच हिरवट दिसणार की स्वच्छ. मग लाइट, मग मासे, मग कोणतं कोरल कुठल्या खडकावर. संप, म्हणजे स्टँडच्या आतली यंत्रांची खालची टाकी, पाइप, स्टँड, जमीन यांचा नंबर शेवटी लागतो, आणि तोवर सगळं ठरून गेलेलं असतं. माझं म्हणणं एवढंच आहे की हा क्रम उलटा करा. जमिनीपासून वर या. काच सगळ्यात शेवटी ठरू द्या.

याला आडवं येणारं एक वाक्य आहे, त्याच्यावर माझा जुना राग आहे. "मोठी टाकी उलट सोपी असते." हे वाक्य ज्यांना टाकी विकायची असते ते म्हणतात, आणि ज्यांनी नुकतीच घेतलेली असते तेही म्हणतात. खोटं नाही ते, पण अर्धंच खरं आहे. जास्त पाण्यात चूक विरघळते, मान्य. एखादा मासा खडकामागे मरून पडला तर मोठ्या टाकीत अमोनिया हळू चढतो. पण जे हळू बिघडतं ते सुधारतंही हळूच. क्षारता, म्हणजे पाण्याचा खारेपणा, घसरली, फॉस्फेट खडकात मुरलं, की ते जाग्यावर आणायला तितकाच धीर आणि कितीतरी जास्त मीठ लागतं. आणि हात तेच दोन राहतात, बादलीही तीच.

आकडेच बघू. 90 बाय 45 बाय 45 सेंटिमीटरची टाकी म्हणजे साधारण 182 लिटर. 120 बाय 60 बाय 60 म्हणजे 432. प्रत्येक माप फक्त एक तृतीयांशाने वाढलं, पाणी मात्र सुमारे 2.4 पट झालं. दहा टक्के पाणी बदलायचं तर आधी 18 लिटर लागायचं, आता 43, संप वेगळाच. ही 43 लिटर तुम्ही कुठे बनवणार, कशात साठवणार, कशाने वर चढवणार, हे ठरल्याशिवाय काच बघायला जाऊच नका.

बादलीवरून आठवलं. 1846 साली ॲना थिन नावाच्या बाईंनी टॉर्कीच्या किनाऱ्यावरून जिवंत प्रवाळ लंडनला आणले आणि काचेच्या भांड्यांत ते जगवले, तेही महिने नाही, वर्षं. पंप नव्हता. मग पाण्यात हवा कशी मिसळायची? उघड्या खिडकीशी उभं राहून पाणी या भांड्यातून त्या भांड्यात ओतायचं, अर्धा अर्धा, पाऊण पाऊण तास. हे काम बाई स्वतः करत नव्हत्या, त्यांची कामवाली पोर करायची. आणि बाईंनी लिहून ठेवलंय की पोरीला त्यात गंमतच वाटायची. आपल्या छंदातला पहिला सर्क्युलेशन पंप म्हणजे एक मोलकरीण, आणि तिचा अभिप्राय तिच्या मालकिणीने लिहिला! आजही घरोघरी हीच पद्धत आहे. मोठ्या टाकीचा आनंद एकाचा आणि बादल्या दुसऱ्याच्या.

असो. जमीन. 12 मिलिमीटर काच दर चौरस मीटरला 30 किलो भरते. 120 बाय 60 बाय 60 च्या रिकाम्या टाकीला तळ धरून सुमारे 2.9 चौरस मीटर काच लागते, म्हणजे नुसती काच 86 किलो. समुद्राचं पाणी लिटरला एक किलोपेक्षा थोडं जड. त्यात खडक, वाळू, भरलेला संप, स्टँड धरा. पाऊण टनाच्या आसपास जाता. राहत्या घराचा स्लॅब साधारणपणे चौरस मीटरला 150 ते 200 किलो वापराचा भार धरून काढलेला असतो. तो भार खोलीभर पसरलेला धरतात, म्हणून टाकी ठेवली की स्लॅब लगेच खाली येतो असं नाही. पण भार सगळा एका कोपऱ्यात, वर्षानुवर्षं, रात्रंदिवस. तेव्हा खाली बीम कुठे आहे, भिंत भार घेणारी आहे की नुसती आडोशाची, हे इंजिनिअरला विचारा. भाऊजींना विचारू नका. भाऊजी नेहमी "काही होत नाही" म्हणतात.

उंचीबद्दल एकच सांगतो. पाण्याचा दाब खोलीप्रमाणे वाढतो, लांबीने नाही. उंची वाढवलीत की काच जाड लागते, तळाशी उजेड कमी पोहोचतो, आणि तळाशी पडलेलं फ्रॅग, म्हणजे कोरलचा तुकडा, उचलायला काखेपर्यंत हात बुडवावा लागतो. जागा हवी असेल तर ती पुढून मागे वाढवा. खडक रचायला आणि माशांना वळायला तीच उपयोगी पडते.

आता माझी मुख्य तक्रार. माझे एक मित्र आहेत, आज इथे बसलेत, आणि त्यांनी मला हे सांगायची परवानगी दिली आहे. नाव न घेण्याच्या अटीवर. त्यांनी मोठी टाकी घ्यायची ठरवली आणि स्टँडचं काम एका सुताराला दिलं. कारागीर उत्तम. सांधे असे की नख शिरणार नाही. दारांना आपोआप मिटणाऱ्या बिजागऱ्या. आतली उंची 70 सेंटिमीटर ठरली होती. पण सुतारांना मजबुतीचं व्यसन असतं. वर प्लायचा एक थर जादा टाकला, खाली एक फळी उचलून बसवली, आणि पुढच्या बाजूला एक आडवी पट्टी मारली, "साहेब, हिच्यावर हत्ती उभा करा." उरली 60.

स्किमर, म्हणजे फेस काढून पाण्यातली घाण वरच्या कपात जमवणारं यंत्र, होता 52 सेंटिमीटरचा. संपाखालचा फोम आणि संपाची तळाची काच मिळून दोन धरा. म्हणजे स्किमरचं डोकं 54 वर. वर सहा सेंटिमीटर मोकळी. सुतार म्हणाला, चार बोटं जागा सोडलीय की! आणि बसला ना तो स्किमर, छान बसला. चालूही झाला. कप भरला तेव्हा खरी गंमत. कप काढायचा तर आधी फिरवायचा आणि मग त्याच्या नळीसकट सरळ वर उचलायचा, आणि त्याला 14 सेंटिमीटर लागतात. कप सहा सेंटिमीटर वर यायचा आणि फळीला टेकायचा. तिरका करावा, तर आतला काळा रस्सा परत संपात. तुम्हाला तो वास माहीत आहे, मी वर्णन करत नाही.

मग काय करायचं? पंप बंद, त्या कप्प्यातलं पाणी उपसा, अख्खा स्किमर तिरका करून बाहेर ओढा, धुवा, परत बसवा, परत पाण्याची पातळी जुळवा. आणि नव्याने लावलेला स्किमर पहिले काही तास वेड्यासारखा फेस काढतो, ते वेगळंच. आधी हे आठवड्याला व्हायचं. मग पंधरवड्याला. मग "बघू या रविवारी". काही महिन्यांत वाळूवर सायनोचा, म्हणजे सायनोबॅक्टेरियाचा, तांबडा बुळबुळीत पापुद्रा आला, नायट्रेट चढलं, आणि आमचे मित्र औषधांच्या बाटल्या वाचायला लागले. मी म्हटलं, बाटल्या ठेवा, टेप आणा. सुतारकामातली चूक टेस्ट किटमध्ये उमटली होती! फळी कापावी, तर तिच्यावर पाऊण टन उभा. शेवटी चांगला स्किमर काढून बुटका घ्यावा लागला.

सुताराला मी नंतर भेटलो. मी म्हटलं, अहो, खाली यंत्रं असतात, ती काढावी लागतात. तो शांतपणे म्हणाला, "पण मासे तर वरच्या टाकीत असतात ना?" मला उत्तर सुचलं नाही. आपण त्याला चित्र दिलं ते वरच्या टाकीचंच होतं.

म्हणून मी म्हणतो: आधी स्किमर ठरवा. त्याच्या उंचीत कप उचलण्याची जागा मिळवा. मग संप, आणि तो वरची टाकी जाग्यावर असताना दारातून बाहेर निघायलाच हवा, कारण कधीतरी तो गळणार. मग स्टँड, आणि मग काच.

संपाच्या मापाचं आणखी एक गणित. वीज गेली की संपातलं पाणी वर नेणारा रिटर्न पंप थांबतो आणि वरचं पाणी खाली येतं. 120 बाय 60 च्या टाकीत एक सेंटिमीटर पाणी म्हणजे 7.2 लिटर. ओव्हरफ्लोच्या, म्हणजे वरचं पाणी खाली सोडणाऱ्या कप्प्याच्या, दात्यांवर दोन-तीन सेंटिमीटर असतं, ते 15 ते 20 लिटर झाले. पण रिटर्नचं तोंड पाण्याखाली दहा सेंटिमीटर असेल, तर तोच पाइप उलटा सायफन होतो आणि 72 लिटर खाली ओढतो. काही जण सायफन तोडायला पाइपला बारीक भोक पाडतात. चांगलं आहे, पण त्या भोकाला शेवाळ आवडतं, गोगलगायींनाही आवडतं. पाणी उलटं येऊ न देणाऱ्या चेक व्हॉल्व्हवर भिस्त ठेवू नका. तोंडच पृष्ठभागाजवळ ठेवा. ओव्हरफ्लोला एक पाइप पुरत नाही, तीन ठेवा. एक भरून वाहणारा, एक अर्धवट, एक कायम कोरडा, अडचणीपुरता. यालाच आपल्यात बीनॲनिमल म्हणतात. यावर मला बरंच…

चिठ्ठी आली. दहा मिनिटं. अध्यक्षांनी खाली रेघ मारली आहे. म्हणजे आता छापलेला विषय.

बिऱ्हाड हलवायचा दिवस हा खरं तर दोन-तीन आठवडे आधी सुरू होतो. नवी टाकी साध्या पाण्याने भरून गळते का बघा, पंप चालवा, आणि मुद्दाम मेन स्विच बंद करून संप ओसंडतो का बघा. मासे नसताना. मीठ लिटरला सुमारे 37 ग्रॅम धरा. 432 लिटरला 16 किलो. तुमचा आरओ दिवसाला 75 गॅलनचा असेल, तर पूर्ण दाब मिळाला तरी चोवीस तासांत 284 लिटर देतो. तेव्हा "आदल्या रात्री पाणी बनवू" हे जमणार नाही. क्षारता हजारी 35, तापमान जुन्या टाकीइतकंच.

जुनं पाणी न्यायचं का? सोयीने न्या. त्यात जीवाणू भरलेले असतात हा गैरसमज आहे. अमोनिया खाणारे जीवाणू पृष्ठभागांवर राहतात, मुख्यतः खडकावर. 1961 साली इंडोनेशियातल्या ली चिन एंगने जिवंत खडक आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावर टाकी चालवून दाखवल्याचं लिहिलं होतं, ते याच जोरावर. तेव्हा तुमची खरी पुंजी खडक आहे. तो मिठाच्या पाण्यातच हलवा. हवेत फार वेळ राहिला तर त्यातले स्पंज मरतात आणि अमोनिया तयार होतो. जुनी वाळू मात्र नेऊ नका. खालच्या थरात वर्षांची घाण आणि हायड्रोजन सल्फाइड असतो, ढवळलात की संपलं. नवी वाळू घ्या, आणि जुनी हवीच असेल तर पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवा.

क्रम: आधी कोरल काढा, मग खडक, शेवटी मासे. खडक असताना मासा हाती लागत नाही, उगाच धावाधाव. टबांमध्ये हीटर आणि पंप हवेत. नव्या टाकीत आधी खडक, मग पाणी निवळलं की कोरल, शेवटी मासे. पहिले दोन आठवडे अमोनिया तपासा, खाणं कमी द्या, आणि नवे मासे अजिबात नाहीत. हिप्पो टँग मासा तर नाहीच. तो 30 सेंटिमीटरपर्यंत वाढतो, तुमची 120 ची टाकी त्यालाही लहानच आहे.

लाइट जुन्याच टक्क्यांवर ठेवू नका. नवा लाइट म्हणजे नवा प्रकाश; पार मीटर, म्हणजे कोरलना मिळणारा प्रकाश मोजणारं यंत्र, कुणाकडून तरी मागून आणा, कमीवरून सुरुवात करा. फॉस्फेट आणि नायट्रेट शून्यावर आणायची घाई नको. नव्या टाकीत दोन्ही संपले की डायनो, म्हणजे तपकिरी चिकट थर करणारे सूक्ष्मजीव, येतात, आणि ते लवकर जात नाहीत.

आणि डोसिंग, म्हणजे कोरलना लागणारी द्रव्यं रोज मोजून घालणं, हे लिहूनच घ्या. अल्कलिनिटी, म्हणजे सांगाडा बांधायला लागणारी पाण्यातली कार्बोनेटं, कोरल खातात, पाणी नाही. कोरल तेच असतील तर दिवसाचे मिलिलिटर तेवढेच राहतात. जुन्या टाकीत रोज 1 डीकेएच (अल्कलिनिटीचं माप) खर्च व्हायचा, तो 432 लिटरमध्ये फक्त 0.4 दिसेल. टाकी 2.4 पट झाली म्हणून डोसही 2.4 पट केलात, तर रोज 0.6 ने चढत जाईल, पाच दिवसांत 3, आणि ॲक्रोपोरा कोरलची टोकं जळायला लागतील. रोज मोजा, आणि कोरल वाढतील तसा डोस वाढवा.

जुनी टाकी लगेच विकू नका, काही दिवस पाणी घालून चालू ठेवा. काही बिघडलं तर परत न्यायला जागा हवी, आणि पुढे ती क्वारंटाइनला येते.

अध्यक्ष उभे राहिले. प्रश्न आता व्यासपीठावरून नकोत, मी दाराशी थांबतो. डोसिंगचे मला विचारा. स्किमरचे माझ्या मित्राला विचारा. ते मागून तिसऱ्या रांगेत आहेत, आणि आत्ता मान खाली घातलेले तेच.